दुसरी लिफ्टर

"ही आमची दुसरी लिफ्टर. हिच्याहून बरी कुणी तुझ्या बघण्यात आहे का गं?"

अक्कांनी हे आमच्या मळमड्डीच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचारलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच मेथीची जुडी धरून उभी होते. भाजीवालीनं मला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "हिला काय झालंय? चांगली तर आहे."

"चांगली आहे गं. पण एकटी आहे. एकटी राहिली तर शिळी होईल."

मागे आमच्या कॉलेजचे केमिस्ट्रीचे सर कोथिंबीर घ्यायला थांबले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घाईघाईनं कोथिंबिरीकडे बघितलं. मी एकोणीस वर्षांची होते. धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी मेथीसकट गेले असते.

अक्कांना हळू बोलता येत नसे. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून त्यांचं सगळं आयुष्य मैदानावर ओरडण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, आमच्या मंडळाच्या मुलींना शिकवणं सुरू झालं आणि आवाज तेवढा राहिला. पुढचा महिनाभर त्यांनी हाच प्रश्न पिठाच्या गिरणीत विचारला, पोस्टात विचारला, अळणावरच्या बसच्या कंडक्टरला विचारला, आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याला विचारला. प्रत्येक वेळी मी तिथं असायचीच, कारण अक्कांची पिशवी धरायचं काम दुसऱ्या लिफ्टरचं, असा त्यांचाच नियम होता.

व्हॉलीबॉल न बघणाऱ्यांना सांगायला हवं. लोक टाळ्या वाजवतात त्या स्मॅश मारणारीला. पण बॉल तिच्यासाठी नेटच्या वर, हव्या त्या उंचीवर नेऊन ठेवते ती लिफ्टर. कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, समोरच्यांना कसं चकवायचं, सगळं तीच ठरवते. ती चुकली की बाकीच्या पाच जणी नुसत्या उभ्या. आमच्या मंडळाच्या संघात पहिली लिफ्टर म्हणजे आमची कॅप्टन. ती फार छान खेळायची, पण तिचा उजवा गुडघा दर हंगामात एकदा तरी सुजायचाच. मग मी. माझ्यामागे कुणी नव्हतं. मी बरी खेळायचे. 'बरी' हा शब्द माझ्याबद्दल सगळ्यांनीच वापरलेला आहे.

अक्कांचं ध्यान बघण्यासारखं असायचं. सुती साडी, साडीखाली ट्रॅकपँट आणि पायात मुलांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. मैदानावर पाऊल टाकलं की साडी वर खोचायची. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवलेली कुणी ऐकली नव्हती. "शिट्टी पंचाला आणि पोलिसाला," म्हणायच्या, "मला तोंड आहे." रागवायच्या कन्नडमध्ये आणि समजूत घालायच्या मराठीत. त्यामुळे सराव संपल्यावर आम्हाला मराठीत हाक आली की आम्ही एकमेकींकडे बघायचो. आता समजूत घालतायत म्हणजे काहीतरी भलतंच चुकलेलं असणार.

बॉलला त्या 'पाहुणे' म्हणायच्या. "अगं, पाहुणे दारात आले आणि तू वेणी कसली सावरतेस!" बॉल नेटमध्ये अडकला की, "गेले बिचारे, उपाशीच गेले." नव्या मुली हसायच्या. आठवड्याभरात त्याही मैदानभर 'पाहुणे आले, पाहुणे आले' ओरडत पळायच्या आणि रस्त्यानं जाणारे लोक थांबून कुणाचे पाहुणे ते बघायचे.

लिफ्टरची बोटं नरम हवीत, हे त्यांचं मोठं वेड. त्यासाठी उन्हाळ्यात त्या आम्हाला गच्चीवर नेऊन ओले पापड उचलायला लावायच्या. लाटलेला पापड बोटांच्या टोकांवर घ्यायचा आणि दुसऱ्या कापडावर उलटा ठेवायचा. फाटला तर पुन्हा लाटण्यापासून सुरुवात. एका उन्हाळ्यात आम्ही निम्म्या मळमड्डीचे उडदाचे पापड केले. बायका पीठ भिजवून अक्कांकडे आणून द्यायच्या. माझी आईसुद्धा द्यायची. "खेळाचं काय व्हायचं ते होवो," ती म्हणायची, "पापड तर झाले."

माझे वडील, अप्पा, वकील, आणि मंडळाचे अध्यक्ष. देवळामागच्या ज्या मोकळ्या जागेत आम्ही खेळायचो, तिचा खटला त्यांनी मंडळाकडून एक पैसा न घेता चालवला होता आणि जिंकला होता. तेव्हापासून अध्यक्ष तेच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. अक्का माझ्यासाठी प्रतिस्पर्धी शोधत गावभर हिंडतायत हे त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी अक्कांना घरी चहाला बोलावलं.

"अक्का, मुलगी अजून नवीन आहे. एक-दोन हंगाम तिला निवांत खेळू द्या. आत्ताच कुणी आणून डोक्यावर बसवलं तर तिचा आत्मविश्वास जाईल."

"आहे कुठं आत्मविश्वास? कुणाशी लढली तर आहे की नाही ते कळणार."

"म्हणजे तुमचा तिच्यावर भरवसा नाही."

"भरवसा आहे म्हणून तर शोधते. वकीलसाहेब, कोर्टात तुमच्या समोर दुसरा वकीलच उभा राहिला नाही, तर केस जिंकली म्हणाल का तुम्ही?"

"म्हणेन की," अप्पा म्हणाले. "फीसुद्धा घेईन."

दोघंही खळखळून हसले. आई चिवड्याची बशी घेऊन आली. मी दाराआड उभी होते आणि मला त्या दोघांचंही म्हणणं पटत होतं. तो विषय तेव्हा हसण्यावारी गेला, निदान अप्पांना तसं वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी अक्का स्कूटर घेऊन दारात हजर. अळणावरच्या कंडक्टरनं बातमी आणली होती. अळणावरच्या अलीकडे एका गावात एक मुलगी मुलांच्यात खेळते, आणि मुलं तिला लिफ्टला ठेवतात.

"चल, बघून येऊ," अक्का मला म्हणाल्या.

"मी कशाला, अक्का?"

"तिच्याशी लढायचं कुणाला आहे? मला?"

आईनं पिशवीत केळी घातली. "मुलगी बघायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये," ती म्हणाली. ती थट्टा करत होती, पण पिशवी मीच उचलली. स्वतःच्या जागेवर बसवायची मुलगी पसंत करायला मी केळी घेऊन निघाले होते.

गावातल्या शाळेमागं दोन बांबूंना काथ्याची दोरी बांधली होती. नेट म्हणजे तेवढंच. ती मुलगी, रेणुका, अनवाणी होती, भावाचा शर्ट घातलेला. वयानं माझ्याएवढीच असेल. मुलं जोरात मारत होती आणि ती बॉलखाली कशी जाऊन उभी राहायची ते दिसतच नव्हतं. एकदा तिनं समोर बघत बघत बॉल डोक्यावरून मागे सोडला. मागच्या मुलाला तो असा मिळाला की त्याला फक्त हात खाली आणायचा होता.  अक्कांनी साडी खोचली, मला दोरीच्या अलीकडे उभं केलं आणि रेणुकाला पलीकडे. अर्धा तास आम्ही खेळलो. गाव गोळा झालं. मग अक्कांनी बॉल हातात धरला आणि सगळ्या गावासमोर मला विचारलं,

"खरं सांग. तुझ्याहून चांगली आहे?"

मुलं फिदीफिदी हसली. रेणुका माझ्याहून जास्त लाजली होती; ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"आहे," मी म्हणाले.

"किती?"

"पुष्कळ."

अक्कांनी माझ्या पाठीवर असा हात मारला की मी एक पाऊल पुढे गेले. "छोलो!" त्या ओरडल्या, म्हणजे 'छान!' आपल्या मुलीला दुसऱ्या मुलीनं हरवलं म्हणून इतकी खूष झालेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

रेणुकाची आई भाताच्या शेतातून हात पुसत आली. तिनं केळी घेतली, आम्हाला अंगणात बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"खेळती ओ, ते आमाला ठाऊक हाय. पण पोरगी राहायची कुठं? आणि परत कोण आणून सोडणार?"

"माझ्याकडं राहील. मीच नेते, मीच आणून सोडीन."

"आणि खेळवणार नव्हं? नुसतं भांडी घासायला नगो."

"खेळवीन. शब्द देते."

त्या बाईनं थोडा वेळ अक्कांच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, "सोडतो बघा तुमच्या भरवशावर."

परत येताना स्कूटर तापली म्हणून आम्ही रस्त्याकडेच्या एका गाड्याशी थांबलो. अक्कांनी आम्हा दोघींसाठी चुरमुऱ्यांचं गिरमीट आणि मिरची भजी घेतली. मी खात नव्हते. त्या मराठीत बोलायला लागल्या तसं माझं उरलंसुरलं धैर्यही गेलं.

"मी कॉलेजात लिफ्टर होते," त्या म्हणाल्या. "माझ्यामागं दुसरी नव्हती. मास्तर म्हणायचे, तू आहेस ना, मग कशाला कुणी? मला फार बरं वाटायचं. सगळी वर्षं मीच खेळले. पण मी किती चांगली होते, ते मला अजून माहीत नाही. कुणी माझ्या अंगावर आलंच नाही, तर कळणार कसं? खा. गार होतंय."

रेणुका अक्कांच्या दोन खोल्यांत राहायला आली. तिच्या गावाकडं मुलीसुद्धा 'मी येतो', 'मी खातो' म्हणायच्या. पहिल्या दिवशी ती "उद्या मी लवकर येतो" म्हणाली आणि आमच्या मुली तोंडावर हात धरून हसल्या. अक्का पलीकडून गरजल्या, "ती 'येतो' म्हणते आणि येते. तुम्ही 'येते' म्हणता आणि झोपून राहता!" मग कुणी हसलं नाही.

ती मला 'तुम्ही' म्हणायची. मी कितीदा सांगितलं, तरी 'तुम्ही'च. आणि मला जे येत नव्हतं ते तिनंच शिकवलं. बॉल मागे सोडायचा तर मान वळवायची नाही, कंबर थोडी पुढे न्यायची. "अंगठं ढिलं सोडा ओ, तुमी बॉलला धरून ठेवताय," ती म्हणायची. मी रोज सकाळी तिला हरवायचं असं ठरवून जायचे. रोज हरायचे, पण दर वेळी थोड्या कमी फरकानं. पूर्वी पहिल्या थंडीत मी सरावाला दांड्या मारायचे. त्या वर्षी एक दिवसही चुकवला नाही, कारण मी गेले नाही तर ती तेवढी पुढे जाईल ही भीती असायची.

हंगाम जवळ आला तेव्हा अक्कांनी मला एकटीला बाजूला बोलावलं. मराठीत म्हणाल्या, "तू तिसरी. वाईट वाटेल. वाटू दे. पण सुटू नकोस."

मला ते आधीच माहीत होतं. तरी घरी जाईपर्यंत मी रडले. डोळे धुवून आत गेले, पण अप्पांनी ओळखलं. त्यांनी आईला विचारलं, आईनं मुलींच्या आयांना विचारलं. मी अप्पांकडे काही मागितलं नाही. मला मागायची गरजच नव्हती. आपल्या मुलीचं रडणं त्यांना पुरेसं होतं.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक लागली. मैदानालगतच्या बालवाडीच्या खोलीत, छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. कॅप्टन आणि मी मागे उभ्या होतो. रेणुका बाहेर पायरीवर अक्कांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आणि दार उघडं होतं.

अप्पांनी शांतपणे मुद्दा मांडला. मंडळ इथल्या मुलींसाठी काढलं. इथल्या मुलींना मागं सारून बाहेरून खेळाडू आणायचे, तर मंडळ कशाला? संघात या भागात घर असलेल्याच मुली असाव्यात. पुष्कळांनी माना डोलावल्या. एक गृहस्थ म्हणाले, "आणि ती कोण, कुठली, घरचं काय, कुणी चौकशी तरी केलीय का?" एक बाई म्हणाल्या, "आपल्या मुली तिची भाषा उचलायला लागल्यात हो."

मी दाराकडे बघितलं. रेणुकाची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

"अप्पा," मी म्हणाले, "ती माझ्यापेक्षा चांगली खेळते. जागा तिचीच आहे."

 सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक उमटलं. "बघा, किती मोठं मन आहे पोरीचं!" ते गृहस्थ म्हणाले. "अशा मुलीवर अन्याय व्हायचा म्हणजे..." मी तिची बाजू घ्यायला तोंड उघडलं होतं, आणि तेवढ्यानंच माझी बाजू आणखी भक्कम झाली. अप्पा रागावले नाहीत. "बाळ, ही समितीची बैठक आहे," म्हणाले. "तू बाहेर थांब." बाहेर म्हणजे पायरीवर, रेणुकाशेजारी. मी जागची हलले नाही.

अक्का उठल्या. मला वाटलं, आता खिडक्या हादरतील. पण अक्का इतक्या हळू बोलल्या की पुढच्या बाकावरच्यांनाही वाकून ऐकावं लागलं.

"मी तिच्या आईला शब्द दिलाय."

एवढंच.  मग अप्पांनी हात वर करायला सांगितले आणि हात वर झाले.

ते हात वर होत असताना माझ्या छातीवरचं कसलंसं ओझं उतरलं. मी मनापासून बोलले होते, पण आता उद्यापासून मी पुन्हा दुसरी, हेही माझ्या मनात आलं आणि बरं वाटलं. ते क्षणभरच होतं. पायरीवरच्या त्या पाठीकडे बघत असताना मला बरं वाटलं, याची मला आजही लाज वाटते.

अक्कांनी मंडळ सोडलं, पण लगेच नाही. "स्पर्धा होईपर्यंत मी आहे. पोरींना मध्येच टाकून जाणार नाही," म्हणाल्या. रेणुकालाही त्यांनी लगेच परत पाठवलं नाही. मला वाटलं होतं ती आता मैदानावर येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर ती नेट बांधत होती. ती खेळणार नव्हती, संघात तिचं नाव नव्हतं, आणि तरी स्पर्धेपर्यंत रोज सकाळी ती माझ्याविरुद्ध तेवढ्याच जोरात उभी राहिली. मी एकदा विचारलं, "तू कशाला येतेस गं?" ती म्हणाली, "मग तुमी कुणासंगट खेळणार?"

स्पर्धा उणकलला होती, तळ्याजवळच्या मैदानावर. अंतिम सामन्यात दुसऱ्या सेटला कॅप्टन उडी मारून खाली आली ती गुडघा धरूनच. तिला उचलून नेलं आणि मी आत गेले. अप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. अक्का कधीच बसत नसत. त्या तारेच्या कुंपणाशी उभ्या होत्या आणि त्यांच्याजवळ रेणुका.

मी आयुष्यात तशी खेळले नव्हते. माझे मलाच हात ओळखू येत नव्हते. शेवटच्या सेटमध्ये दोन्ही बाजू बरोबरीत आल्या, मग आम्ही एकानं पुढे. बॉल माझ्याकडे आला, समोरच्या दोघी मी पुढे देणार म्हणून तिकडे उड्या मारून मोकळ्या झाल्या, आणि मी मान न वळवता, कंबर पुढे घेऊन तो डोक्यावरून मागे सोडला. आमची मुलगी तिथं एकटीच होती. तिनं तो खाली मारला. आम्ही जिंकलो.

मुलींनी मला उचललं. उचललेल्या अवस्थेत मला कुंपणाशी रेणुका दिसली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ती टाळ्या वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर मला काहीतरी खोटं सापडलं असतं तर बरं झालं असतं.

बक्षीस समारंभात अप्पांनी माइक घेतला. "काही जणांना वाटत होतं, आपल्या मुलींना बाहेरची स्पर्धा आणून दिल्याशिवाय त्या खेळणार नाहीत. आपण त्यांच्यावर विश्वास ठेवला. आज उत्तर मिळालं." टाळ्या पडल्या.  माझ्या वडिलांचा आनंद अगदी खरा होता आणि मी ढाल हातात धरून, मान खाली घालून त्यांच्या शेजारी उभी होते. लोकांना तो विनय वाटला.

घरी आल्यावर मी सांगितलं, "अप्पा, शेवटचा बॉल मला तिनं शिकवलेला होता."

"पण शिकलीस तू ना?" अप्पा म्हणाले आणि पेढ्यांचा बॉक्स शेजाऱ्यांकडे घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी अक्का रेणुकाला सोडायला गेल्या. मी येते म्हटलं तर नको म्हणाल्या. तिथं काय झालं ते पुढे मला रेणुकानंच सांगितलं. अक्का अंगणात उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत, चहा घेतला नाही. तिच्या आईला हात जोडून म्हणाल्या, "मी खेळवीन म्हटलं होतं. नाही खेळवू शकले." वयानं मोठी, शिकलेली बाई आपल्यासमोर अशी उभी, हे बघून तिची आईच गांगरली. "निम्मा शब्द तर पाळलासा की ओ," ती म्हणाली, "पोरगी आणून सोडलीसा." अक्का स्कूटरला किक मारत राहिल्या, आणि स्कूटर बराच वेळ सुरूच होईना.

त्यानंतर अक्का आमच्या मैदानावर दिसल्या नाहीत. मला वाटलं, थकल्या. काही महिन्यांनी कळलं की उणकलकडे नवी घरं होतायत तिथल्या एका रिकाम्या प्लॉटवर त्यांनी दगड वेचून मैदान केलंय. बांधकामावरच्या कामगारांच्या मुली, आसपासच्या कॉलेजांतल्या, खेड्यांतून येणाऱ्या, अशा जमवल्यात. पहिली लिफ्टर रेणुका. या वेळी तिच्या आईनं काही विचारलंच नव्हतं म्हणे.

पुढच्या हंगामात त्यांचा आमचा सामना पहिल्याच फेरीत आला. आमच्या कॅप्टनचं लग्न होऊन ती गेली होती. आता पहिली लिफ्टर मी होते. माझ्यामागं कुणी नव्हतं, आणि वर्षभर माझ्यासमोरही कुणी उभं राहिलं नव्हतं. सलग तीन सेट आम्ही हरलो. रेणुकाचे बॉल कुठून कुठं जात होते ते आमच्या एकीलाही कळलं नाही. सामना संपल्यावर तिनं नेटखालून हात पुढे केला आणि म्हणाली, "तुमचं अंगठं परत घट्ट झाल्यात ओ."

घरी जाताना गाडी अप्पा चालवत होते. मध्येच म्हणाले, "चांगली खेळते ती." 

आठवडाभरानं मी बसनं उणकलला गेले. अक्का प्लॉटवर पाण्याचा पाइप धरून धूळ बसवत होत्या.

"काय?"

"मला इथं खेळायचंय."

"पहिली रेणुका आहे. दुसरीच्या जागेवर दोघी भांडतायत. त्यातली एक अजून शाळेत आहे आणि ती तुझ्याहून बरी आहे. तू चौथी."

"चालेल."

"घरी विचारलंस?"

"नाही."

"मग विचारून ये. चोरून आलेली मला नको."

त्या रात्री जेवताना मी अप्पांना सांगितलं. आई वाढता वाढता थांबली. अप्पांनी ताटावरचा हात काढून घेतला.

"घेतील तुला?"

"चौथी म्हणून."

ते भाताकडे बघत बसले. मला वाटलं, आता मंडळ, विश्वास, लोक काय म्हणतील, सगळं निघणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण ते एवढंच म्हणाले, "बसनं जाऊ नकोस. मी सोडतो."

सकाळी आम्ही निघालो. उणकलच्या त्या नव्या वसाहतीत शिरायच्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. प्लॉट तिथून दिसत होता, मुली नेट बांधत होत्या.

"इथून चालत जा," ते म्हणाले. "मला त्यांच्यासमोर..."

कोर्टात तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्या वडिलांना ते वाक्य पुरं करता आलं नाही. मी उतरले.

अक्कांनी मला बघितलं. "कशानं आलीस?"

"अप्पांनी सोडलं."

"कुठायत?"

मी वळणाकडे बोट दाखवलं. अक्कांनी पाइप रेणुकाच्या हातात दिला, खोचलेली साडी सोडून नीट केली आणि रस्त्यानं चालत गेल्या. गाडीच्या खिडकीशी त्या वाकल्या. थोड्या वेळानं अप्पा गाडीतून उतरले. दोघं समोरासमोर उभी होती, अप्पांची मान खाली. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

अक्का परत आल्या. त्यांच्यामागे काही अंतर ठेवून अप्पा आले आणि विटांच्या ढिगाशी उभे राहिले. बसायला खुर्ची नव्हती.

"उभी काय राहिलीस?" अक्का मला म्हणाल्या. "जा, त्या दोघींच्या मागं."

मी जाऊन त्या शाळेतल्या पोरीच्या मागे उभी राहिले.